पांढरा शर्ट

जावीर बाईंच्या लोखंडी कपाटात
एक पांढरा शर्ट असायचा, अडतीस नंबर,
कॉलरला निळीचा डाग.
आटपाडीतल्या बारावी झालेल्या पोरांचे
फॉर्मवरचे फोटो त्याच शर्टात निघायचे.
लुकड्यांना पाठीमागून टाचण्या,
जाड्यांनी श्वास धरायचा.
सांगली, विटा, कराड,
ओळखपत्रांवर तोंडं वेगळी, शर्ट एकच.
एका क्लार्कनं म्हणे विचारलं होतं,
तुमच्याकडं फोटोला गणवेश असतो काय हो?

बाई शिकवायच्या भूगोल.
मला आठवतात त्या तहसीलच्या पायरीवर,
मांडीवर पॅड, पिशवीत डिंक, शाईचं पॅड, पार्ल्याचा पुडा.
उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला,
आणि साहेब जेवायला गेलेले.
सहीच्या जागी अंगठा देताना
एखाद्या बापाचा हात थरथरायचा.
बाई मनगट धरून म्हणायच्या,
"हलू नका दादा, नाल न्हाई मारत."

मे महिन्यात गलाईवाले गावी येत, जत्रेला.
बोटांत अंगठ्या, पायांत पांढरे बूट.
जाताना प्रत्येकजण एकेक पोर घेऊन जाई.
बाईंच्या चपला त्याच महिन्यात झिजायच्या.
कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या डाळिंबात,
रात्री नऊला कुणाच्या चुलीपुढं बसून
त्या फीचा हिशेब मांडायच्या.
कमी पडेल तो आकडा
वहीत लिहायच्या नाहीत.

मला मामानं कोइमतूरला नेलं.
विट्याच्या स्टँडवर बाई आल्या होत्या,
फॉर्म भरलेला, माझी सही तेवढी राहिलेली.
गाडी हलली. खिडकीतून मी म्हणालो, पुढच्या वर्षी.
त्यांनी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून,
सव्वीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही.

आमच्या दुकानात झाडलेली धूळ फेकत नाहीत.
साठवतात, महिन्यानं धुतात,
तळाशी गुंजभर सोनं बसतं.
धूळ धुताना दरवेळी मला बाई आठवल्या,
असं म्हणणं सोपं आहे.
खरं सांगतो, नाही आठवल्या.
मी पैसे मोजत होतो.

सांगलीत पूर ओसरला त्या साली
कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला.
शाळेचा बाक, त्यावर जुनं धोतर,
धोतराखाली कुणाचं तरी भिजलेलं मार्कशीट,
आणि बाई इस्त्री फिरवतायत, अगदी हळू,
जशी तापलेल्या पोराच्या कपाळावरून.
मागं दोरीला चिमट्यांनी लावलेले दाखले.
आवाज बंद करून मी तो तीनदा पाहिला.

यंदा पोरीला घेऊन आलो.
सेतू केंद्रातलं यंत्र माझा अंगठा घेईना.
तेजाबानं रेषा खाल्ल्यात.
पोरगा पुन्हा पुन्हा म्हणाला, पुसून ठेवा, दाबून ठेवा.
रांगेच्या मागून आवाज आला,
"अरे, डोळ्यांवर घे की त्याचं. डोळं हायती अजून."
बाई. केस सगळे पांढरे, पिशवी तीच, किंवा तसलीच.

घरी नेलं. कपाट उघडलं.
एका फाईलमधून माझा फॉर्म निघाला,
टाचणीचा गंज फोटोवर उतरलेला,
त्या शर्टात मी, श्वास न धरता.
सहीची जागा कोरी.
त्या काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला.

पोरगी शर्टाकडं बघून हसली.
"नको आजी, माझा ड्रेस आहे की."
बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि पहिल्यांदाच मोकळ्या बसल्या, भिंतीला टेकून.
शर्ट घडी घालायला माझ्याकडं दिला.
दुसरं बटण तुटलेलं होतं.
"सुई त्या डब्यात हाय," म्हणाल्या,
"वरल्या वस्तीवरचं एक पोर यायचंय उद्या."

दोरा ओवायला मला चष्मा लागला.